काजळी, कांगडी आणि कटिवस्त्र

मानवी शरीराच्या सर्व इंद्रियांमध्ये त्वचा ही सर्वांत उघडी. हृदयाचा विकार कळण्यासाठी नाडी पाहावी लागते, फुप्फुसाचा कळण्यासाठी छातीला नळी लावावी लागते. त्वचेवरील डाग मात्र रोग्याला स्वतःला दिसतो, घरातल्यांना दिसतो, न्हाव्याला व शिंप्यालाही दिसतो. असे असता त्वचेच्या कर्करोगाचा आरंभ ओळखावयास वैद्यकाला जवळजवळ दोन शतके लागावीत, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तिचे कारण असे की, हा रोग आरंभी आपल्या खऱ्या वेषात कधीच येत नाही. तो कधी चामखीळ होऊन येतो, कधी इसब होऊन, कधी गजकर्ण होऊन, तर कधी नुसता एक काळसर वळ होऊन. आणि ज्यांच्या अंगावर तो येतो ती माणसे बहुधा अशा थरातील असतात की, एखादा न दुखणारा डाग ही त्यांच्या लेखी वैद्याकडे जाण्याजोगी बाबच नसते.

या इतिहासाचे पहिले पान लंडन शहरातील धुराड्यांच्या काजळीने लिहिले गेले. अठराव्या शतकात तेथील धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढविण्याची प्रथा होती. चार-सहा वर्षांची, बहुधा अनाथ किंवा दरिद्री घरची ही मुले जवळजवळ उघड्या अंगाने त्या अरुंद नळकांड्यांतून वर सरकत, आणि अंगावरची काजळी आठवडेच्या आठवडे तशीच वागवीत. सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयाचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी 1775 साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात या धंद्यातील लोकांना होणाऱ्या वृषणकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले. पॉट यांच्या पूर्वी हा रोग कोणाला दिसलाच नव्हता असे नाही. धंद्यातील लोक त्याला ‘काजळीचा चामखीळ’ म्हणूनच ओळखत. वैद्य मात्र तो गुह्यरोग समजून पाऱ्याची औषधे देत, आणि त्या औषधांच्या भरवशावर मोलाचा काळ निघून जाई. अडाणी मजुरांच्या भाषेत रोगाचे कारण अचूक नोंदले गेले होते. सुशिक्षितांनी ते ऐकून घेण्यास विलंब लावला. त्वचेच्या कर्करोगाच्या इतिहासात हा प्रसंग पुढेही वारंवार घडलेला दिसतो.

पॉट यांच्या निबंधानंतर कायदेमंडळ हलले खरे, पण त्याची चाल धिमी होती. आठ वर्षांखालील मुलाला या धंद्यात उमेदवार म्हणून घेऊ नये असा कायदा 1788 साली झाला. तो अमलात आणण्याची कोणतीही यंत्रणा नसल्याने तो कागदावरच राहिला. पुढे 1834, 1840 आणि 1864 या साली नवे कायदे झाले व तेही बव्हंशी निष्फळ ठरले. अखेर 1875 साली धुराडी झाडणाऱ्यांना पोलिसांकडून परवाना घेण्याची सक्ती करण्यात आली, तेव्हा कोठे मुलांची सुटका झाली. रोगाचे कारण छापून प्रसिद्ध झाल्यापासून त्या कारणाचा बंदोबस्त होईपर्यंत बरोबर शंभर वर्षे गेली. यानंतर 1892 साली हेन्री बटलिन यांनी एक मार्मिक प्रश्न विचारला: काजळी तर सर्वत्र सारखीच, मग हा रोग इंग्लंडातच इतका का आढळतो? युरोपखंडातील इतर देशांत हिंडून त्यांनी शोधलेले उत्तर साधे होते. तेथील कामगार अंगाला घट्ट बसणारे संरक्षक कपडे घालीत आणि काम संपल्यावर अंग धूत.

पॉट यांच्या निबंधानंतर नव्वद वर्षांनी या इतिहासाचे दुसरे पान भारतात, काश्मीरच्या खोऱ्यात लिहिले गेले. विल्यम जॅक्सन एल्म्स्ली हे स्कॉटिश मिशनरी डॉक्टर 1865 साली श्रीनगर येथे आले व तेथे त्यांनी दवाखाना उघडला. त्या काळी युरोपीय माणसाला खोऱ्यात हिवाळा काढण्याची परवानगी दरबाराकडून मिळत नसे. शरद ऋतू सरू लागला की एल्म्स्ली यांना डोंगर उतरून खाली यावे लागे. अशा उन्हाळी मुक्कामांतच त्यांच्या ध्यानात आले की, येथील लोकांच्या पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस कर्करोगाचे व्रण विलक्षण प्रमाणात आढळतात. अन्यत्र ज्या ठिकाणी हा रोग सहसा होत नाही, नेमक्या त्याच ठिकाणी तो येथे होतो. याचे कारण त्यांनी कांगडीत शोधले आणि 1866 साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये ते प्रसिद्ध केले. ज्या हिवाळ्यात हा रोग पेरला जाई तो हिवाळा त्यांना पाहू दिला जात नव्हता, तरी उन्हाळ्यात आलेल्या पिकावरून त्यांनी बी ओळखले.

कांगडी म्हणजे मातीचे एक लहान भांडे, वेताप्रमाणे विणलेल्या काटक्यांच्या टोपलीत बसविलेले. त्यात निखारे असतात. चिनाराच्या वाळक्या पानांचा कोळसा त्यासाठी विशेष वापरला जातो, कारण तो मंद व दीर्घकाळ धुमसतो. काश्मिरी माणूस पायघोळ फेरनाच्या आत ही शेगडी धरून बसतो, चालतो, गप्पा मारतो. उकिडवे बसले की तिचा शेक पोटाला व मांड्यांना लागतो. चरार-ए-शरीफ व बांदीपूर येथील नक्षीदार कांगड्या प्रसिद्ध आहेत. तेथील घरांत आणि गाण्यांत कांगडीला मानाचे स्थान आहे. ज्या प्रदेशात हिवाळ्यात पाणी गोठते आणि गरिबाच्या घरी दुसरी ऊब नसते, तेथे या वस्तूला दोष देणे सोपे नाही. एल्म्स्ली यांनाही ते सोपे गेले नाही. काश्मिरी लोकांवर त्यांचे प्रेम होते. त्या भाषेचा एक शब्दसंग्रह त्यांनी सिद्ध केला व तो 1872 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर पीरपंजाल ओलांडून खाली आल्यावर पंजाबातील गुजरात येथे त्यांचा अंत झाला.

त्यांचे कार्य पुढे आर्थर व अर्नेस्ट नीव्ह या बंधूंनी चालविले. त्यांपैकी आर्थर 1882 साली श्रीनगरला आले व अर्नेस्ट 1886 साली. मिशन रुग्णालयात त्यांनी या रोगाच्या शेकडो शस्त्रक्रिया केल्या, आणि 1910 व 1923 साली अर्नेस्ट नीव्ह यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून त्यांचे निष्कर्ष जगापुढे मांडले. या निरीक्षणांतून रोगाचा क्रम स्पष्ट झाला. वर्षानुवर्षे शेक लागलेल्या कातडीवर प्रथम जाळीसारखे तांबूस, पुढे तपकिरी वळ उमटतात. प्रत्येक काश्मिरी म्हाताऱ्याच्या अंगावर असतात तसेच ते असल्याने त्यांकडे कोणी लक्ष देत नाही. मग त्या जाळीत एखादी जागा कोरडी, खरखरीत व जाड होते. पुढे तेथे खपली धरते, खपली पडते, पुन्हा धरते. अखेर एक व्रण राहतो, त्याच्या कडा कठीण होतात, आणि जांघेत गाठ येते. पहिल्या वळापासून या गाठीपर्यंत कित्येकदा वीस-तीस वर्षांचा अवधी असतो. बरे करण्याची संधी एवढी दीर्घ असूनही रोगी येतो तो बहुधा शेवटच्या पायरीवर.

ही शेवटची पायरी ओळखण्यास डोळे पुरेसे होते. पहिली पायरी ओळखण्यास सूक्ष्मदर्शक लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत रूडॉल्फ व्हिर्चो यांनी पेशी हीच रोगाची भूमी होय हा सिद्धांत मांडला, आणि 1865 साली कार्ल थिअर्श यांनी त्वचेचा कर्करोग बाह्यत्वचेच्या पेशींपासूनच उद्भवतो हे दाखवून दिले. बाह्यत्वचा ही एखाद्या शिस्तबद्ध वस्तीसारखी असते. तळाच्या रांगेत नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी निर्जीव पापुद्रे बनून गळून पडतात. या वस्तीच्या खाली एक नाजूक आधारपटल असते, व त्याच्या पलीकडे रक्तवाहिन्यांचा प्रदेश. पेशी बिघडल्या तरी जोवर त्या या पटलाच्या वरच आहेत तोवर रोग जागच्या जागी आहे. पटल फोडून त्या खाली उतरल्या की त्यांना शरीरभर जाण्याच्या वाटा मोकळ्या होतात.

या पटलाच्या वरच थांबलेल्या कर्करोगाचे अभिजात वर्णन बॉस्टन येथील त्वचारोगतज्ज्ञ जॉन टेम्पलटन बोवेन यांनी 1912 साली केले. त्यांच्यापुढे दोनच रोगी होते. दोघांच्याही अंगावर दीर्घकाळ टिकून राहिलेले, न भरणारे, खपलीदार चट्टे होते. वरून पाहता ते इसब किंवा सोरायसिस वाटावेत असे होते. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या वस्तीतील शिस्त पार मोडलेली दिसली. तळापासून माथ्यापर्यंत पेशींचा क्रम विस्कटलेला. त्यांची केंद्रके मोठी, गडद, कोठे एकाच पेशीत केंद्रकांचा पुंजका. आणि जेथे फक्त वृद्ध पेशी असाव्यात त्या वरच्या थरांतही पेशींचे विभाजन चाललेले. तथापि खालचे पटल अभंग होते. बोवेन यांनी याला सरळ कर्करोग म्हटले नाही, निरुपद्रवीही म्हटले नाही. कर्करोगाची पूर्वावस्था म्हणून त्यांनी ते नोंदले. पॅरिसच्या दारिए यांनी 1914 साली या विकाराला बोवेन यांचे नाव दिले. आणि 1932 साली अमेरिकेतील ब्रॉडर्स यांनी अशा जागच्या जागी असलेल्या कर्करोगासाठी जी संज्ञा रूढ केली ती आजही प्रचलित आहे.

एकदा नाव मिळाल्यावर हा विकार सुलभ होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याची रूपे वाढतच गेली. गोऱ्या त्वचेवर तो तांबूस दिसतो, तर सावळ्या त्वचेवर कित्येकदा काळा होऊन येतो आणि तीळ समजला जातो. नखाच्या कडेला झाला तर नखाची बुरशी किंवा चामखीळ म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मलम चोळले जाते. जांघेत किंवा काखेत झाला तर ओल्या गजकर्णासारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखालीही तो एकच मुखवटा घालीत नाही. कधी बिघडलेल्या पेशी निरोगी पेशींच्या मध्येच घरटी करून राहतात; जोसेफ याडासोन यांचे नाव या रूपाशी निगडित आहे. कधी फिकट रंगाच्या मोठ्या पेशी विखुरलेल्या दिसतात, आणि परीक्षकाला तो पॅजेट यांनी वर्णिलेला विकार वाटतो. जेम्स पॅजेट यांनी 1874 साली सुमारे पंधरा स्त्रियांच्या स्तनाग्रावरील इसबासारख्या चट्ट्यांचे वर्णन केले होते. त्या प्रत्येकीला दोन वर्षांच्या आत स्तनाचा कर्करोग झाला होता. तेथे चट्टा हा आतल्या रोगाचा निरोप्या होता. बोवेन यांच्या विकारात तो स्वतःच रोगाचे घर असतो. दोहोंचे उपाय भिन्न, म्हणून त्यांतील भेद ओळखणे हा केवळ पांडित्याचा प्रश्न राहत नाही.

उन्हाने होणाऱ्या खरखरीत डागांचीही हीच कथा. हँबर्गच्या बंदरात राहणाऱ्या पाउल उन्ना यांनी 1894 साली खलाशांच्या चेहऱ्याच्या व हातांच्या त्वचेचे वर्णन केले, आणि ऊन-वारा सोसलेल्या कातडीवर कर्करोग उगवतो हे दाखविले. या डागांत काही जाड शिंगासारखे वाढतात, काही उलट पातळ कागदासारखे होतात. काहींत पेशींची एकमेकींशी असलेली पकड सुटून मध्ये पोकळ्या पडतात आणि ग्रंथींच्या रोगाचा भास होतो. काहींत खालून पांढऱ्या रक्तपेशींची इतकी दाटी होते की, मूळ बिघाड त्या गर्दीत झाकून जातो. त्याच हँबर्गमध्ये 1902 साली क्ष-किरणांवर काम करणाऱ्या एका माणसाच्या हातावर कर्करोग झाल्याची नोंद झाली. किरणांचा शोध लागून तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती.

काजळी, शेक, ऊन, किरण: कारणे इतकी भिन्न, पण त्वचेची उत्तरे मात्र एकमेकांसारखी. हे कोडे प्रयोगाने सोडविण्याचा मान जपानला मिळाला. तोक्यो येथील कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना कोलटार लावण्याचा उद्योग महिनोन् महिने चालविला, आणि 1915 साली प्रयोगशाळेत प्रथमच कर्करोग निर्माण करून दाखविला. तत्पूर्वी अनेकांनी असे प्रयोग केले होते, पण ते थोडक्यात सोडून दिले होते. यामागिवा यांचे यश चिकाटीचे होते. पुढे लंडन येथील कुक, ह्यूएट व हिगर यांनी 1933 साली कोळशाच्या डांबरातून बेंझोपायरिन हे कर्कजनक द्रव्य वेगळे केले, आणि पॉट यांच्या काजळीतील अपराधी दीडशे वर्षांनंतर हाती लागला.

याच सुमारास मुंबईत एक मराठी विकृतिशास्त्रज्ञ हाच विचार भारतीय जीवनाला लावून पाहत होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे 1941 साली परळ येथे उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या रोग्यांकडे पाहताना त्यांनी केवळ गाठ पाहिली नाही. रोगी काय खातो, कसा विडी ओढतो, कसे वस्त्र नेसतो हेही विचारले. डॉ. सूर्याबाई यांच्यासह 1945 साली त्यांनी अमेरिकेतील एका विकृतिशास्त्रीय नियतकालिकात लोकांच्या सवयींशी निगडित अशा तीन नव्या भारतीय कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत आंध्र किनाऱ्यावर चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग होता, खैनी ओठामागे ठेवणाऱ्यांचा होता, आणि तिसरा होता धोतराचा.

धोतराचा कर्करोग हे नाव ऐकून कोणी हसेल. पण त्यामागील निरीक्षण अत्यंत सूक्ष्म आहे. धोतर कमरेला घट्ट आवळून वर्षानुवर्षे नेसले जाते. शेतात, गिरणीत, रस्त्यावर काम करणाऱ्याच्या कमरेशी घाम साचतो, धूळ बसते, आणि काठ एकाच जागी घासत राहतो. तेथे आधी काळा वळ पडतो, मध्ये कोठे रंग उडून पांढरा पट्टा दिसतो, कातडी जाड होते, तिला खाज सुटते. असा वळ कोट्यवधी माणसांच्या कमरेला असतो आणि त्यांतील बहुसंख्यांना काहीही होत नाही. मात्र एखाद्याच्या बाबतीत त्या जाड कातडीवर एक न भरणारी जखम होते. काश्मीरच्या पोटावरची जाळी आणि दख्खनच्या कमरेवरचा वळ हे एकाच कुळातील ठरले.

धोतराची जागा पाटलोणीने घेतली म्हणून हा अध्याय संपला असे नाही. परकराच्या नाडीने कमरेवर पडलेल्या वळातून झालेल्या कर्करोगाची वर्णने मुंबईच्या डॉक्टरांनी या शतकाच्या आरंभी केली. पुढे 2024 साली वर्धा व बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत एका ब्रिटिश नियतकालिकात दिली. त्यांपैकी एक परकर न घालता लुगडे घट्ट कसून नेसणारी होती. कमरेवरील जखम तिने दीर्घकाळ अंगावर काढली होती, आणि उपचारास येईपर्यंत रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता. नाडी रुंद घ्यावी, सैल बांधावी, बांधण्याची जागा बदलावी, कातडीला त्रास होऊ लागल्यास काही काळ सैल कपडे वापरावेत, एवढाच उपाय. बटलिन यांच्या उत्तराइतकाच तो साधा आहे.

या इतिहासाचे सर्वांत अस्वस्थ करणारे पान बंगालचे. सोमल हे औषध म्हणून घेतल्याने तळहात-तळपाय खरखरीत होतात व पुढे त्यांवर कर्करोग होतो, हे लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी 1887 सालीच सांगितले होते. बोवेन यांचा विकार झाकलेल्या अंगावर अनेक ठिकाणी एकदम दिसला, तर सोमलाची चौकशी करावी हा त्वचारोगतज्ज्ञांचा जुना नियम आहे. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत 1983 साली डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे खेड्यांतील रोगी येऊ लागले. त्यांच्या छाती-पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके होते, तळव्यांवर कणीदार गाठी होत्या. यांपैकी कोणीही सोमलाचे औषध घेतलेले नव्हते. विष होते नलिकाकूपांच्या पाण्यात. तळ्यांच्या दूषित पाण्याने होणारे पटकीसारखे रोग टळावेत म्हणूनच त्या विहिरी सद्हेतूने खोदल्या गेल्या होत्या. जमिनीच्या पोटातील सोमल त्या पाण्याबरोबर वर आला. खेड्यांत कित्येकांनी या डागांना महारोग समजून रोग्यांना दूर लोटले. पारा देणाऱ्या लंडनच्या वैद्यांची चूक येथे शेजाऱ्यांनी केली, आणि तिची किंमत अधिक भारी होती.

आजच्या शास्त्राने या पहिल्या पायरीविषयी पुष्कळ सांगितले आहे. उन्हातील अतिनील किरण पेशींच्या आनुवंशिक द्रव्यावर आपली विशिष्ट खूण उमटवून जातात, हे 1991 साली सिद्ध झाले. बोवेन यांच्या विकाराचे सर्वच चट्टे पुढे खोल उतरतात असेही नाही. सामान्यतः शंभरांतील तीन ते पाचच पटल फोडतात असे मानले जाते. पण ते तीन कोणते, हे वरून पाहून सांगता येत नाही. म्हणून कातडीचा लहानसा तुकडा काढून तो तपासणे, हा बोवेन यांच्या काळचा मार्ग अजूनही निर्णायक राहिला आहे. तो मार्ग स्वस्त आहे, आणि या अवस्थेत सापडलेला रोग छोट्या शस्त्रक्रियेने, शीतोपचाराने किंवा नुसत्या मलमानेही पूर्ण बरा होऊ शकतो.

हा सर्व इतिहास एकत्र पाहिला म्हणजे एक गोष्ट मनात राहते. धुराड्यातील पोर, कांगडी उराशी धरणारा शेतकरी, धोतर कसून नेसणारा हमाल, नळाचे पाणी भरणारी बंगाली गृहिणी, यांपैकी कोणीही रोग ओढवून घेण्यासारखे काही केले नव्हते. त्यांनी ऊब, काम, लज्जा आणि पाणी एवढेच मागितले होते. त्यांच्या अंगावरील डागाचे वाचन वैद्यकाने उशिरा का होईना केले. पण त्या वाचनाचा उपयोग रोग्यापर्यंत पोहोचविणे हे काम दवाखान्याच्या दारातच थांबत नाही. काश्मीरमधील शल्यवैद्यांना आजही कांगडीचा कर्करोग भेटतो, एल्म्स्ली यांनी त्याचे कारण छापल्यास दीड शतकाहून अधिक काळ लोटला तरी. हिवाळा संपून फेरन उतरविले जाते तेव्हा पोटावरची ती तपकिरी जाळी घरातल्या सर्वांना दिसते. तीत एखादी जागा खरखरीत लागली, तर ती वैद्याला दाखविण्याची हीच वेळ असते.